मंडळीच्या पेटीतली जाळी

प्रतापनगरच्या नव्या घरात राहायला येऊन आम्हाला पंधरा दिवस झाले, तरी सामान अजून लागायचंच आहे. खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये सोळा वर्षं काढली. तिथून निघताना कळलं की दोन खोल्यांत माणूस किती कोंबून ठेवू शकतो. ट्रकवाला म्हणाला, "बाई, एवढ्या सामानात तर दोन पोरींची लग्नं होऊन जातीन." आणि त्या सामानातून अजून राख निघते आहे. वीजकेंद्राच्या चिमणीची ती बारीक करडी राख. पुस्तक झटकलं की राख, उशी झटकली की राख. मी झाडत बसते आणि मिस्टर बाहेर उभे राहून प्लॉटकडे बघत बसतात. त्यांनी आल्याआल्या फाटकावर नावाची पाटी ठोकली, चारी बाजूंनी काटेरी तार ओढून घेतली आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "बघ, आता हे आपलं." समोर बाभळी आणि आखून ठेवलेले रिकामे प्लॉट. पण त्यांचा चेहरा असा उजळला होता की मीही मान हलवली.

परवा दुपारी लेकीने काळी ट्रंक उघडली. तेरा वर्षांची आहे. दुसऱ्याच्या ट्रंकेत डोकं घातल्याशिवाय त्या वयात चैन पडत नाही. ब्लँकेटांच्या खाली, अगदी तळाशी, जुन्या उशीच्या खोळीत बांधून ठेवलेलं एक गाठोडं होतं. तिने ते ओढून काढलं, सोडलं, आतली नवरीची जाळी डोक्यावर घेतली आणि कपाटाच्या आरशासमोर जाऊन उभी राहिली.

"आई, ही तुझ्या लग्नातली ना गं? एवढी सुंदर जाळी तू लपवून का ठेवलीस? आपलीच आहे ना?"

"काढ ती," मी ओरडले. "आधी काढ."

तिला काही कळेना. तिने ती काढली, जमेल तशी घडी केली, पलंगावर ठेवली आणि तोंड एवढंसं करून बाहेर गेली. मी दार लोटून घेतलं आणि जाळी मांडीवर घेऊन बसले. ती पिवळी पडली होती. एका कोपऱ्यातून तळहाताएवढा तुकडा कापलेला. वरवर डांबराच्या गोळ्यांचा वास होता, आणि नाक अगदी जवळ नेलं तर त्याच्या खाली कुठेतरी रिठ्याचा.

रिठ्याचा वास म्हणजे माझ्यासाठी शांताबाईचा ओटा.

मी मिशन कंपाउंडात वाढले. चर्चच्या मागे कौलारू क्वार्टरांची एक लांब ओळ होती, पुढे विहीर, विहिरीभोवती सीताफळाची झाडं. क्वार्टर मिशनचे, विहीर मंडळीची, म्हणजे चर्चच्या सगळ्या लोकांची, आणि सीताफळं कोणाचीच नाहीत, म्हणून ती पिकलेली कधी कोणी पाहिली नाहीत. 'माझं' हा शब्द तिथे जपून वापरावा लागे. माझे बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांच्या हातांना, रुमालाला, रविवारच्या कोटालासुद्धा कार्बोलिकचा वास यायचा. शेजारच्या पोराने माझी पाटी नेली म्हणून मी रडत गेले की ते बाटलीला बूच लावता लावता म्हणायचे, "तुही पाटी? येताना पोटातून घेऊन आली होती का वं?" मग जवळ घेऊन सांगायचे, "आपण मालक नाही बेटा, कारभारी आहोत. मालक वर बसला आहे. त्यानं ठेवायले दिलं, ठेवायचं. मागतलं, का देऊन टाकायचं."

ऐकायला फार छान वाटतं. पण नऊ वर्षांच्या पोरीला विचारा. एका नाताळात परदेशातून आलेल्या गाठोड्यातून माझ्या वाट्याला एक बाहुली आली होती, झोपवली की डोळे मिटणारी. आठ दिवस मी तिला खाली ठेवलं नाही. नवव्या दिवशी बाबा म्हणाले, दवाखान्यात क्षयाची एक मुलगी आहे, एकटीच पडून असते. एवढंच म्हणाले. पुढचं मला कळावं अशी त्यांची अपेक्षा होती, आणि मला ते कळलं, याचाच मला जास्त राग आला. मी स्वतःच्या हाताने ती बाहुली नेऊन दिली आणि सगळ्या कंपाउंडाने मला शहाणी म्हटलं. आता माझ्या पापाचं कारण शोधायला बसले की दर वेळी ती बाहुली पुढे येऊन बसते. मी तिला हाकलून देते. कारण वेगळं आणि सबब वेगळी.

शांताबाई ओळीतल्या शेवटच्या खोलीत राहायची. ती बायबलबाई होती, म्हणजे उन्हातान्हात वस्त्यावस्त्यांत फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवायची. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही, पायांत पुरुषी चपला. तिच्या खोलीत मंडळीची पेटी होती. हिरव्या रंगाची मोठी पत्र्याची पेटी. तिला कडी होती, कुलूप नव्हतं. आत लग्नकार्याचं मोठं पातेलं, वाढायचे चमचे, बाप्तिस्म्याचं लांब पांढरं झबलं, मयतावर टाकायची काळी मखमल, आणि सगळ्यांत वर, जुन्या धोतराच्या फडक्यात, जाळी. ज्याला जे लागेल ते त्याने न्यावं, वापरावं, धुवावं आणि पुढच्या रविवारच्या आत आणून ठेवावं. कुठे लिहिणं नाही, विचारणं नाही. शांताबाई वस्तीत गेलेली असली तरी दार नुसतं लोटलेलं असायचं.

आमच्याकडे नवरी पांढरी साडी नेसते आणि डोक्यावरून पांढरी जाळी घेते. ती चांगली जाळी आमच्यापैकी कोणालाही परवडणारी नव्हती. एका मडमेने स्वतःसाठी ती आणली होती म्हणत. तिचं लग्न काही झालं नाही, आणि मायदेशी परत जाताना तिने ती शांताबाईच्या पदरात टाकली. तेव्हापासून कंपाउंडातली प्रत्येक पोर त्याच जाळीतून सासरी गेली. काळी, गोरी, उंच, बुटकी, दायीची, मास्तरची, चौकीदाराची. डोक्यावरून टाचेपर्यंत आणि वर हातभर लांब. काठाला बारीक पानांची वेलबुट्टी. एका नवरीच्या वेळी मेणबत्तीने पडलेलं एक भोक होतं, ते शांताबाईने असं रफू केलं होतं की बोट फिरवल्याशिवाय सापडू नये.

ती धुण्याचा दिवस हा आम्हा मुलींचा सण होता. आदल्या दिवशी रिठे भिजत घातलेले असायचे. शांताबाई घंगाळात ते फेसाळ पाणी ओतायची आणि जाळी नुसती बुडवून वर-खाली करायची. "चोळू नका वं पोरींनो, लेकराले आंघोळ घालतो तशी घाला." मग भाताच्या पातळ पेजेतून काढायची. ओट्यावर दोन खाटा जोडून त्यावर चादर, चादरीवर जाळी, वारा आला की उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार पोरी. सुशीला आणि मी नेहमी एका बाजूला. सुशीला म्हणजे चर्चची घंटा वाजवणाऱ्या चौकीदाराची मुलगी, माझ्याच वयाची, माझ्याच वर्गातली, एका डब्यात जेवणारी. दोघी कोपरे धरून बसायचो आणि रिठ्याच्या वासाने नाकं हुळहुळायची. ती म्हणायची, "पहिले तू घेशीन डोक्यावर, मग मी. का मीच पहिले घेऊ?" मी म्हणायचे, "मी." मला नेहमीच पहिलं हवं असायचं आणि तिला ते चालायचं.

डिसेंबरात त्याच ओट्यावर नाताळाच्या करंज्या व्हायच्या. ज्याच्या घरी मैदा असेल त्याने मैदा आणायचा, ज्याच्या घरी खोबरं त्याने खोबरं, आणि ज्याच्या घरी काही नाही त्याने लाटायला बसायचं. थंडी अशी की तुपाचा हात गालाला लावून घ्यायचो. संध्याकाळी डबे भरताना सगळ्यांचे सारखे भरायचे. कोणाचा मैदा आणि कोणाचं नुसतं लाटणं, हे शांताबाईला एकटीला ठाऊक असेल आणि ती बोलायची नाही. हे सगळं मी आज डोळे भरून सांगते आहे. तेव्हा मात्र मी माझ्या डब्यातल्या करंज्या मोजून घ्यायची.

माझं लग्न झालं ते रेशनवर मिलोची लाल ज्वारी मिळायची त्या वर्षी. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात नोकरीला असलेला मुलगा, क्वार्टर मिळालेलं, आणखी काय हवं. लग्नाच्या सकाळी शांताबाईने स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावर जाळी घातली, मेणाच्या फुलांचा मुकुट बसवला आणि सुशीलाने आरसा समोर धरला. त्या आरशात मी जिला पाहिलं ती कोणाचीही कारभारी नव्हती. पाटी नेली, बाहुली नेली, तरी हिचं कोणी काही नेऊ शकणार नाही असं मला वाटलं. सुशीला म्हणाली, "अवं, तू तर हिच्यासाठीच जन्माले आली." ती साधं कौतुक करत होती. मी ते हक्कासारखं घेतलं.

लग्नानंतर जाळी माझ्याच ट्रंकेत खापरखेड्याला गेली. रिवाजाप्रमाणे रविवारी मी माहेरी जाणार आणि येताना पेटीत ठेवून येणार होते. सुशीलाचं लग्न तीन आठवड्यांवर होतं. तो आठवडा मी कशी वागले हे सांगायला आजही जीभ जड होते. मिस्टर पाळीवर गेले की मी दाराला कडी घालायची, जाळी काढायची, डोक्यावर घ्यायची आणि भिंतीवरच्या हातभर आरशात बघत राहायची. बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडत असायची, आत मी नवरी. शुक्रवारी मला वाटलं, एवढं तरी आपलं असू दे. शनिवारी मी कात्री घेतली.

जाळीचा एक कोपरा कापला. सिगडी पेटलेली होतीच. चिमट्यात धरून तो तुकडा निखाऱ्यावर धरला आणि अर्धा जळल्यावर पाण्यात बुडवला. कागद जळल्यासारखा वास आला. खिडकी उघडून तो घालवायला मला बराच वेळ लागला. बाकीची जाळी उशीच्या खोळीत बांधली आणि ट्रंकेच्या तळाशी घातली.

रविवारी चर्चच्या आधी मी शांताबाईच्या खोलीत गेले. वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो जळका तुकडा तिच्यासमोर ठेवला आणि पाठ केलेलं बोलले. धुवून वाळत घातली होती, वाऱ्याने उडाली, सिगडीवर पडली, एवढीच राहिली. ती रागावेल, रडेल, निदान कपाळाला हात लावेल, अशी माझी तयारी होती. तिने तुकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझे दोन्ही हात ओढून घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, बाह्या वर सारून पाहिल्या.

"तुले तर नाही ना लागलं कुठं? वढायले गेली असशीन तू. मले माहीत आहे तुहा स्वभाव. खरं सांग, कुठं पोळलं का?"

"नाही बाई."

"मग झालं. गेली तर गेली. कापडच होतं बेटा."

शांताबाईने तेवढ्यावर सोडलं असतं तर मी वाचले असते. पण ती उठून थेट पाळकांकडे गेली, आणि त्या दिवशी उपासनेत पाळकांनी सांगितलं की आपल्या एका लेकीला प्रभूने विस्तवातून वाचवलं आहे, मंडळीने उपकारस्तुती करावी. सगळं चर्च उभं राहिलं. आमच्याकडे माणसं एकमेकांशी नागपुरीत बोलतात आणि देवाशी शुद्ध मराठीत. बाबा उभे राहिले. त्यांचा आवाज आधीच बारीक, त्यात तो कापत होता. "जाळी तुझी होती प्रभू, ती तू घेतलीस. मुलगी तुझी आहे, ती आम्हांजवळ ठेवलीस. तुझे उपकार." मग मागच्या बाकावरून सुशीला उभी राहिली. तिच्या लग्नाला दोन आठवडे उरले होते. तिनेही देवाचे उपकार मानले, माझं नाव घेऊन, अडखळत, आणि पटकन खाली बसली.

लहानपणी रविवारच्या शाळेत बाबांनी आम्हाला बायबलातल्या एका नवरा-बायकोची गोष्ट सांगितली होती. शेत विकलं, थोडे पैसे मागे ठेवले, आणि सगळे आणले असं सांगून उरलेले प्रेषितांच्या पायाशी ठेवले. दोघेही जागच्या जागी पडून मेले. मी विचारलं होतं, एवढ्याशासाठी एवढी मोठी शिक्षा का? बाबा म्हणाले होते, "ठेवलं याची नाही वं. त्यांचंच होतं ते, ठेवलं असतं तरी चाललं असतं. नाही ठेवलं म्हणून सांगतलं, त्याची." त्या रविवारी मी बाकाला धरून उभी होते आणि पडायची वाट बघत होते. काही झालं नाही. 'आमेन' झालं, घंटा झाली, दुपारी बाबांकडे मटणाचा रस्सा खाल्ला आणि संध्याकाळच्या बसने मी खापरखेड्याला परत आले. खोटं पचतं तेव्हाच जास्त भीती वाटते, हे मला त्या बसमध्ये कळलं.

सुशीलाच्या लग्नाला मी गेले नाही. ताप आहे म्हणून निरोप पाठवला. जाऊन काय बघणार होते? नंतर बाबांनी सांगितलं. शांताबाईने नवी मच्छरदाणी आणून ती निळीत काढली, बेतून शिवली, काठाला लेस लावली. डोळ्यांना दिसत नव्हतं तरी तीन दिवस तीच करत बसली होती. "चांगली दिसली हो सुशीला," बाबा म्हणाले, आणि मग थोडं थांबून, "पेज जास्त झाली होती. कडक राहिली जाळी. लहान पोरं हसली." एवढं सांगून ते दुसऱ्या विषयाकडे वळले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

आणि मला काय मिळालं? ती जाळी मी कोणाला दाखवू शकत नव्हते, नवऱ्यालाही नाही. धुवून उन्हात घालू शकत नव्हते. शेजारीण अचानक आली की आधी डोळे ट्रंकेकडे जायचे. चोराच्या मनात चांदणं. पहिल्या वर्षी दोनतीनदा काढून डोक्यावर घेतली असेल. मग तेही बंद झालं, कारण आरशात नवरी दिसेना, कात्री घेतलेली बाई दिसू लागली. वस्तू आपली असणं म्हणजे काय, याची मला आयुष्यभर हौस होती. ती अशी फिटली की दाराला कडी घातल्याशिवाय मला माझी वस्तू बघता येत नव्हती.

तिकडे पेटीतलं एकेक कमी होत गेलं. कोणी पातेलं परत करायला महिना लावला, कोणाकडून चमचे हरवले, झबलं कोणा एकीने ठेवूनच घेतलं. जाळी होती तोवर तिला सांभाळायचं म्हणून सगळं सांभाळलं जात होतं, असं शांताबाई एकदा म्हणाली. ती कोणावर रागावून म्हणाली नव्हती. पुढे मंडळीने पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली कोणाकडे ठेवायची यावरून दोन घरांत बोलणं बंद झालं. शांताबाई गेली तेव्हा मी मातीला गेले होते. सगळ्यांबरोबर मूठभर माती टाकली. सांगायचं तिला होतं, आणि आता माती टाकून झाली होती.

परवा दुपारी हे सगळं मांडीवर घेऊन मी किती वेळ बसले कोण जाणे. लेक दारात येऊन म्हणाली, "आई, मी काही फाडलं का?" पोरीला वाटलं होतं तो कापलेला कोपरा तिच्याकडून फाटला. तिचा रडवेला चेहरा बघितला आणि माझ्याने राहवलं नाही. "तू नाही गं," मी म्हटलं. "ती मी कापली. आणि ती आपली नाही." एवढं तरी सोळा वर्षांत पहिल्यांदा खरं बोलले.

दुसऱ्या दिवशी मी बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला, नंदनवनला गेले. सुशीला तिथे राहते हे मला सगळी वर्षं माहीत होतं. ती नर्स झाली, नवरा शाळेत मास्तर, दोन खोल्यांचं घर. मी उघड्या दारात उभी राहिले तेव्हा ती नुकतीच ड्यूटीवरून आली होती, पाय सुजलेले, बादलीत कोमट पाणी घेऊन खुर्चीवर बसलेली. मला पाहून तिचा चेहरा इतका बदलला की मला वाटलं ती आत बोलावणार नाही.

"सलाम," मी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे म्हटलं.

"सलाम. ये ना वं. बस." आणि मग, "कशी काय आठवण आली?"

मी खोळ तिच्या मांडीवर ठेवली. तिने गाठ सोडली, बोटं आत घातली, आणि पूर्ण बाहेर काढायच्या आधीच तिला कळलं.

"ही तर जळली होती."

"नाही जळली. मी ठेवून घेतली."

मग सगळं सांगितलं. कात्री, सिगडी, चिमटा, वर्तमानपत्र. रडायचं नाही असं ठरवून गेले होते आणि रडले नाही. ती पाय पाण्यात ठेवून ऐकत होती. माझं संपल्यावर तिने विचारलं, "माह्या लग्नात तुले ताप नव्हता?"

"नव्हता."

"मी समजली, तुले समजलं होतं."

"काय समजलं होतं?"

 ती जाळीची घडी सारखी करत राहिली.

"त्या रविवारी मी उभी राहून देवाचे उपकार मानले ना, ते तोंडानं मानले," ती म्हणाली. "मनात काय म्हणून राहिली होती, सांगू? मनात म्हणत होती, हिचा हात जळला असता तरी चाललं असतं देवा, माही जाळी काहून जळू दिली. तसंच म्हणलं मी. माही जाळी. अन् म्हणून झालं अन् अशी भेली मी, का खालीच बसली. माह्या जिवाची मैत्रीण अन् मी तिचं असं चिंतते. मग तू लग्नाले आली नाही. मले वाटलं, हिनं माह्या तोंडावर वाचलं. म्हणून मग मीबी नाही आली तुह्याकडे. कोणत्या तोंडानं येऊ?"

"सुशी..."

"थांब. ऐक. सोळा वर्षं झाली. दर गुड फ्रायडेले मी देवाले तेच मागते, का ते माफ कर. वॉर्डात कोणी भाजलेलं पेशंट आलं का माहे हात कापतात. सिस्टर लोक हसतात मले. मले वाटते, हे माह्याच बोलण्याचं आहे. अन् तू म्हणते, काही जळलंच नव्हतं."

मी तिच्या पायांकडे बघत होते. पाणी गार झालं असावं. तिने पाय बाहेर काढून टॉवेलावर ठेवले होते. मी म्हटलं, "मले माफ कर." दुसरं काही सुचलं नाही.

"जाळीचं?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "जाळीचं केलं. आत्ता, इथंच केलं. ती काय माही होती, का तुही होती? कोणाचीच नव्हती. पण ते सोळा गुड फ्रायडे कोणाचे होते वं? ते तर माहे होते."

 मी जाळी परत करायला गेले होते, आणि आपण किती दिलदार म्हणून बसमध्ये मनातल्या मनात थोडी सुखावलेही होते, हे इथे लिहून ठेवते. तिने जाळी पुन्हा खोळीत घातली, गाठ मारली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "ठेव तू," म्हणाली. "मी काय करू तिचं? पेटी तर नाही राहिली." मग उठून चहा केला. आम्ही चहा प्यायलो. तिने माझ्या लेकीचं विचारलं, मी तिच्या मुलाचं विचारलं.

आमच्यात घरी आलेल्याने निघताना प्रार्थना करायची असते. बाबा औषध पोचवायला गेले तरी दारात दोन शब्द बोलून यायचे. मी पिशवी उचलली तशी सुशीलाने सवयीने पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि डोळे मिटले.

"कर," ती म्हणाली.

मीही डोळे मिटले. "हे प्रभू," म्हणाले. पुढचं वाक्य मला लहानपणापासून पाठ आहे, तू जे जे दिलंस त्याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. ते माझ्या तोंडातून बाहेर येईना. पुन्हा म्हणाले, "हे प्रभू." बाहेरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी डोळे उघडले. सुशीला तशीच बसली होती, मान खाली घालून, 'आमेन' म्हणायला थांबलेली.